दात, ट्रंपेट आणि वाढवलेली दहा वर्षं: बंक जॉन्सनचं प्रकरण

१९३९ च्या आसपास अमेरिकेतल्या लुइझियाना राज्यातल्या न्यू आयबेरिया नावाच्या छोट्या गावातून एक माणूस जुन्या जॅझच्या रेकॉर्ड जमवणाऱ्या लोकांना पत्रं लिहायला लागला, आणि त्या पत्रांचं सार एवढंच होतं की मला दात बसवून द्या, एक ट्रंपेट मिळवून द्या, मी अजून वाजवू शकतो. हा माणूस म्हणजे विली जॉन्सन, सगळे त्याला बंक म्हणायचे. तेव्हा तो शेतावर मजुरी करत होता, उसाचे ट्रक चालवत होता, कधी भाताच्या गिरणीत काम, कधी सरकारी योजनेतून पोरांना थोडंफार संगीत शिकवणं असं चाललं होतं. पुढचे दात नाहीत, वाद्य नाही, आणि आयुष्यात एकही रेकॉर्ड निघालेली नाही. आणि तरीही पुढच्या दहा वर्षांत या माणसावरून जॅझच्या जगात जेवढी भांडणं झाली तेवढी फार कमी वादकांवरून झाली असतील.

मला हे प्रकरण सविस्तर लिहावंसं वाटलं कारण पारंपरिक जॅझ वाजवणाऱ्या ट्रंपेटवाल्याचं करिअर नक्की कशाकशावर टिकतं हे यात अगदी उघडं दिसतं. हिरड्या आणि दातांवर टिकतं, रेकॉर्डिंग कंपनी योग्य वेळी गावात आली की नाही यावर टिकतं, आणि ऐकणाऱ्यांना आपल्याकडून काय हवंय यावर तर फारच.

आधी पारंपरिक जॅझ म्हणजे काय ते थोडक्यात. न्यू ऑर्लिन्सच्या जुन्या पद्धतीत सगळे एकाच वेळी वाजवतात. ट्रंपेट किंवा कॉर्नेट, म्हणजे ट्रंपेटसारखंच पण आखूड वाद्य, मूळ चाल धरून पुढे चालतो, क्लॅरिनेट त्याच्या वरून नक्षी काढत जातं, ट्रॉम्बोन खालून घसरत घसरत मोकळ्या जागा भरतो, आणि मागे बँजो, बेस, ड्रम ठेका देतात. एकट्याने उभं राहून लांबच लांब सोलो घ्यायचा प्रकार नंतरचा. त्यामुळे ट्रंपेटवाल्याचं काम म्हणजे चाल इतकी स्पष्ट ठेवायची की बाकीच्यांना तिच्याभोवती खेळता यावं, म्हणजे काय वाजवायचं याइतकंच काय गाळायचं हेही कळलं पाहिजे. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण बंकची सगळी कला याच गाळण्यात आहे.

तर बंक न्यू ऑर्लिन्सचा. १९१० च्या आसपास तो ईगल बँडमध्ये वाजवत होता, म्हणजे त्या शहरातल्या चांगल्या बँडांपैकी एका बँडमध्ये. पोरसवदा क्लॅरिनेटवादक सिडनी बेशेला याच बँडमध्ये त्याची सोबत मिळाली, तो पुढे जगप्रसिद्ध झाला. पण बंक बेभरवशाचा. दारू प्यायचा, ठरलेल्या कामाला पोचायचा नाही, आणि १९१५ च्या सुमारास त्याने शहर सोडलं. मग सर्कस, फिरते तमाशेवजा शो, छोट्या गावांतले नाच असं करत करत १९२० च्या आसपास तो न्यू आयबेरियात स्थिरावला, न्यू ऑर्लिन्सपासून सुमारे दोनशे किलोमीटर पश्चिमेला, ऊस आणि भाताच्या मुलखात.

आता तारखा बघा. जॅझची पहिली रेकॉर्ड निघाली १९१७ मध्ये, आणि ती न्यूयॉर्कमध्ये वाजवणाऱ्या गोऱ्या वादकांच्या बँडची. न्यू ऑर्लिन्सचाच कॉर्नेटवाला किंग ऑलिव्हर याच्या बँडने, ज्यात तरुण लुई आर्मस्ट्राँग दुसरा कॉर्नेट वाजवत होता, एप्रिल १९२३ मध्ये इंडियानातल्या रिचमंडला जाऊन रेकॉर्डिंग केलं. म्हणजे जे लोक उत्तरेला शिकागोकडे गेले ते रेकॉर्डवर आले आणि जगभर पोचले, आणि जे लुइझियानाच्या खेड्यांत राहिले त्यांचं ऐन उमेदीतलं वाजवणं हवेत विरून गेलं. आर्मस्ट्राँगचा बाज तर पार आपल्या मुंबईपर्यंत आला, अल्दोनाचा गोवेकर ट्रंपेटर चिक चॉकलेट म्हणजे अँतोनियो शावियेर वाझ, ज्याला लोक भारताचा आर्मस्ट्राँग म्हणायचे आणि ज्याचा ट्रंपेट सी. रामचंद्रांच्या सिनेमातल्या गाण्यांत वाजला, तो तसा घडू शकला कारण आर्मस्ट्राँगच्या तबकड्या इथपर्यंत येत होत्या. बंकची तबकडीच नव्हती. न्यू आयबेरियाच्या बाहेर तो जवळपास नव्हताच.

मग १९३१. रेन नावाच्या गावात नाचाचा कार्यक्रम चालू होता, बंक ज्या बँडमध्ये होता त्याचा प्रमुख एव्हन थॉमस हाही ट्रंपेटरच. कार्यक्रम चालू असतानाच एक माणूस चाकू घेऊन आला आणि त्याने थॉमसला भोसकलं. थॉमस मेला. त्या गोंधळात बंकचा ट्रंपेट चेंदामेंदा झाला. त्या बँडमध्ये त्या रात्री क्लॅरिनेट वाजवायला जॉर्ज लुईस नावाचा तिशीतला माणूसही होता, हे नाव पुढे परत येणार आहे. बंकचे पुढचे दातही याच सुमारास गेले, आणि ट्रंपेटरचे पुढचे दात गेले म्हणजे काय होतं ते न वाजवणाऱ्याला पटकन कळत नाही म्हणून सांगतो. ट्रंपेटमध्ये आवाज निर्माण करतात ते ओठ, माउथपीसच्या कडेत ते थरथरतात, पण त्या ओठांना मागून आधार असतो तो पुढच्या दातांचा. माउथपीसचा दाब दात झेलतात. दात नसले की ओठ आत जातो, हवा गळते, वरचे सूर तर लागतच नाहीत. लग्नाच्या बँडमधला कोणताही जुना ट्रंपेटवाला विचारून बघा, गुडघे दुखतात त्याबद्दल तो बोलणार नाही पण एक दात हलला तर त्याची झोप उडते. किंग ऑलिव्हरचंही हेच झालं होतं, हिरड्यांच्या आजाराने त्याचं वाजवणं हळूहळू संपलं आणि १९३८ मध्ये जॉर्जियातल्या सव्हाना गावात तो जवळजवळ कफल्लक अवस्थेत गेला. बंकचंही तसंच व्हायचं होतं.

पण झालं काय की १९३८-३९ मध्ये काही तरुण संग्राहक जॅझच्या सुरुवातीचा इतिहास लिहायला बसले होते, त्यात बिल रसेल हा मुख्य. हे लोक जुन्या वादकांना भेटून विचारत होते, तुमच्या आधी कोण होतं? त्यात आर्मस्ट्राँगकडून आणि क्लॅरेन्स विल्यम्स या पियानोवादकाकडून बंक जॉन्सनचं नाव निघालं. न्यू आयबेरियाच्या पोस्टमास्तरच्या पत्त्यावर पत्र पाठवलं गेलं, आणि ते पोचलं. मला ही गोष्ट फार आवडते. नुसतं नाव आणि गाव, तेवढ्यावर माणूस सापडला.

बंकने उत्तरं लिहिली, भरभरून लिहिली. आणि इथे प्रकरणाचा खरा पेच सुरू होतो.

त्याने सांगितलं की माझा जन्म २७ डिसेंबर १८७९ चा, आणि मी १८९५ मध्ये बडी बोल्डनच्या बँडमध्ये वाजवत होतो. बोल्डन म्हणजे ज्याला सगळे न्यू ऑर्लिन्सवाले जॅझचा पहिला राजा मानतात तो कॉर्नेटवाला, १९०७ मध्ये तो वेड्यांच्या इस्पितळात गेला आणि १९३१ मध्ये तिथेच वारला, त्याची एकही रेकॉर्ड कुठे सापडलेली नाही. म्हणजे बंक म्हणत होता की तुम्ही ज्याच्याबद्दल फक्त दंतकथा ऐकल्यात त्याच्या शेजारी बसून मी वाजवलंय. शिवाय लहानग्या लुईला कॉर्नेट मीच शिकवलं.

पुढे अभ्यासकांनी जनगणनेची कागदपत्रं वगैरे चाळली तेव्हा त्याचा जन्म १८८९ च्या आसपासचा असावा असं बहुतेकांचं मत झालं. म्हणजे १८९५ मध्ये हा सहा वर्षांचा असणार. बोल्डन इस्पितळात गेला तेव्हा सतरा-अठराचा. बोल्डनला त्याने ऐकलं असेल, जवळून ऐकलं असेल, पण त्याच्या बँडचा आधारस्तंभ वगैरे नक्कीच नाही. आणि आर्मस्ट्राँगने नंतर स्पष्ट सांगितलं की माझा गुरू किंग ऑलिव्हर, बंकचा सूर मला आवडायचा पण शिकवलं वगैरे त्याने नाही.

आपल्याकडच्या माणसाला हे समजायला अजिबात जड जाऊ नये. गाणाऱ्याबद्दल आपण पहिला प्रश्न काय विचारतो? तालीम कोणाची. आणि उत्तरात एखादं मोठं नाव आलं की गाणं ऐकायच्या आधीच आपण सावरून बसतो. बंकने तेच केलं, समोरच्यांना कोणतं घराणं हवंय ते त्याला पत्रातून कळलं आणि त्याने स्वतःला दहा वर्षं मोठं करून थेट मूळ पुरुषाच्या मांडीला मांडी लावून बसवलं. पन्नाशीतल्या बिनदाताच्या मजुराला कोण दात बसवून देणार? पण बोल्डनच्या साक्षीदाराला लोक देतात. मी त्याला लबाड म्हणायला तयार नाही. पण या खोटेपणाची किंमत त्यानेच सर्वात जास्त मोजली, ते पुढे येतं.

वर्गणी जमली. दाताची कवळी बनवली न्यू ऑर्लिन्सच्या लिओनार्ड बेशेने, हा सिडनी बेशेचा भाऊ, व्यवसायाने दंतवैद्य आणि स्वतः ट्रॉम्बोन वाजवणारा, म्हणजे वादकाला कुठे आधार लागतो हे त्याला सांगायची गरज नव्हती. ट्रंपेटचीही सोय झाली. आणि बंक पुन्हा फुंकायला लागला, पन्नाशीनंतर, कवळीवर, कित्येक वर्षांच्या खंडानंतर. ओठाचे स्नायू काही आठवड्यांच्या खंडाने सुद्धा सैल पडतात, इथे तर वर्षं गेली होती.

११ जून १९४२ ला न्यू ऑर्लिन्समध्ये एका वाद्यांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर त्याचं पहिलं रेकॉर्डिंग झालं. क्लॅरिनेटवर कोण तर जॉर्ज लुईस, तोच, रेनच्या त्या रात्रीचा, जो मधल्या काळात गोदीत हमाली करून पोट भरत होता. ट्रॉम्बोनवर जिम रॉबिन्सन, बँजोवर लॉरेन्स मरेरो. आणि वेळ बघा, १ ऑगस्टपासून अमेरिकेतल्या वादकांच्या युनियनने रेकॉर्डिंगवर बंदी घातली. दोन महिने उशीर झाला असता तर हे सगळं लांबलं असतं.

या आणि विशेषतः १९४४ च्या उन्हाळ्यात बिल रसेलने सॅन जसिंटो हॉल नावाच्या नाचाच्या हॉलमध्ये केलेल्या रेकॉर्डिंगमध्ये बंक नक्की काय करतो? पहिल्यांदा ऐकताना मला वाटलं हा चुकतोय. कारण तो वाक्य पुरं करत नाही. चाल सुरू करतो, मधले दोन सूर सोडून देतो, ठेक्याच्या किंचित मागे राहतो, आणि जिथे जोर येईल असं वाटतं तिथे नुसता एक मऊ सूर ठेवून बाजूला होतो. मग तिसऱ्या-चौथ्यांदा ऐकल्यावर कळतं की त्या सोडलेल्या जागेतून लुईसचं क्लॅरिनेट उसळी मारून वर येतंय. सूर गोल, आवाज मोठा नाही, घाई कसलीच नाही. काही दिवशी ओठ साथ देत नव्हते तेही ऐकू येतं, सूर फुटतात, वरच्या पट्टीत जाणं तो टाळतो. पण चांगल्या दिवशी तो जे करतो ते आर्मस्ट्राँगच्या रेकॉर्ड ऐकून शिकलेल्या कोणालाच जमत नाही, कारण आर्मस्ट्राँगने ट्रंपेटला एकट्याने चमकायला शिकवलं आणि हा माणूस त्याच्या आधीच्या सवयीतून येतोय. वय खोटं सांगितलं असेल, पण ही सवय खोटी नाही. १९१५ नंतर शहराबाहेर राहिल्यामुळेच ती टिकली असं मला वाटतं.

१९४३ मध्ये तो सॅन फ्रान्सिस्कोला गेला, तिथे त्याचं कौतुक झालं. १९४५ च्या सुरुवातीला सिडनी बेशेने त्याला बॉस्टनला बोलावलं, सॅव्हॉय कॅफेत दोघं एकत्र वाजवणार, लहानपणीचे सोबती, केवढी मोठी गोष्ट. ती फिसकटली. बंक प्यायचा, बेशे तर स्वभावाने कडक आणि त्यालाच पुढे राहायचं असायचं, काही आठवड्यांत बंक परत. आणि पुढे त्याच्या जागी कोण आलं तर जॉनी विंडहर्स्ट नावाचा अठरा वर्षांचा पोरगा.

मग न्यूयॉर्क. २८ सप्टेंबर १९४५, सेकंड अॅव्हेन्यूवरचा स्टायव्हेसंट कॅसिनो. नावात कॅसिनो असलं तरी जुगाराशी संबंध नाही, समारंभांना भाड्याने देतात तसला हॉल. बँड सगळा न्यू ऑर्लिन्सचा: लुईस, रॉबिन्सन, मरेरो, पियानोवर आल्टन पर्नेल, बेसवर अल्साइड पावाजो ज्याला सगळे स्लो ड्रॅग म्हणायचे, ड्रमवर बेबी डॉड्स, जो १९२३ मध्ये ऑलिव्हरच्या रेकॉर्डवर होता. लोक तुटून पडले. वर्तमानपत्रांत लिहून आलं, व्हर्जिल थॉमसनसारख्या शास्त्रीय संगीतकार-समीक्षकाने सुद्धा वाखाणलं, डेक्का आणि व्हिक्टर या मोठ्या कंपन्यांनी रेकॉर्डिंग केलं. पाच-सहा वर्षांपूर्वी उसाचा ट्रक चालवणारा माणूस.

पण त्याच वर्षी त्याच शहरात चार्ली पार्कर आणि डिझी गिलेस्पी बीबॉप नावाचं नवं, वेगवान जॅझ वाजवत होते, आणि जॅझचे चाहते दोन तटांत वाटले गेले होते. जुन्यावाल्यांना नवे लोक बुरसलेले अंजीर म्हणायचे. अशा भांडणात बंक एक झेंडा झाला. हे बघा खरं, शुद्ध, मुळातलं जॅझ. आणि झेंड्याला कोणी विचारत नाही तुला कोणतं गाणं वाजवायचंय.

बंकला काय वाजवायचं होतं ते फार कमी लोकांनी ऐकून घेतलं. त्याला त्या वेळची रेडिओवरची चालू गाणी वाजवायची होती, छापील नोटेशन समोर ठेवून वाजवणारे वादक हवे होते. तो स्वतः नोटेशन वाचणारा, त्याचा त्याला अभिमान होता. लुईस कानावर वाजवणारा, त्याला नोटेशन येत नव्हतं, आणि बंकच्या लेखी ते कमी दर्जाचं होतं. म्हणजे ज्या खरखरीत, अशिक्षित, जुन्या आवाजासाठी श्रोते वेडे झाले होते तोच त्याला बँडचा दोष वाटायचा. त्याला वाटायचं मी व्यावसायिक वादक आहे, नाचायला आलेल्या लोकांना जे हवं ते वाजवणारा. श्रोत्यांना वाटायचं हा १८९५ सालचा अवशेष आहे, आणि तसं वाटायला त्यानेच लावलं होतं. वाढवलेल्या दहा वर्षांची किंमत म्हणतो ती ही. एकदा तुम्ही साक्षीदार झालात की लोक तुमच्या ट्रंपेटमध्ये पुरावा शोधतात, आज संध्याकाळी कसं वाजलं याकडे कोणाचं लक्ष नसतं, आणि नवीन गाणं लावलंत तर निराश होतात.

त्यात त्याच्या वागण्यानेही काही सोपं झालं नाही हे कबूल करायला हवं. पिऊन यायचा, बँडमधल्यांना टोचून बोलायचा, मनात नसलं की अर्धवट वाजवायचा आणि मग सगळा भार लुईस आणि रॉबिन्सनवर पडायचा. जानेवारी १९४६ ला पहिला हंगाम संपला, वसंतात परत आले, आणि मग तो बँड फुटला तो फुटलाच. मला कोणा एकाला दोषी धरता येत नाही. रसेलने स्वतःचा वेळ आणि पैसा घालून, मनापासून हे केलं होतं. त्याला जो आवाज ऐकायचा होता तो बंकच्या डोक्यात नव्हता, एवढंच.

फुटलेल्या बँडचं काय झालं? लुईस आणि मंडळी घरी गेली आणि वाजवत राहिली. आणि पुढे तोच बँड, बंकशिवाय, जगभर गेला. केन कॉलियर नावाचा इंग्रज ट्रंपेटर १९५२ मध्ये जहाजावर खलाशी म्हणून काम करत न्यू ऑर्लिन्स गाठायला निघाला, पोचला, लुईसच्या लोकांबरोबर वाजवलं, कागदपत्रांच्या भानगडीत तुरुंगात गेला आणि १९५३ मध्ये परत पाठवला गेला, आणि त्यानंतर इंग्लंडमध्ये पारंपरिक जॅझची जी लाट आली त्यात त्याचा मोठा हात. १९६१ मध्ये न्यू ऑर्लिन्समध्ये प्रिझर्वेशन हॉल सुरू झाला, तिथे लुईस आणि रॉबिन्सन नियमित. १९६० च्या दशकात लुईस जपानला गेला तेव्हा तिथे हॉल भरत होते. जे वादक बंकला कमी दर्जाचे वाटत होते त्यांनीच ती परंपरा कित्येक वर्षं पुढे नेली, आणि त्यांना न्यू ऑर्लिन्सच्या बाहेर पहिल्यांदा ऐकलं गेलं ते बंकच्या नावामुळे.

नंतर अभ्यासकांनी त्याचं वय उघडं पाडलं तेव्हा उलटी लाट आली. बोल्डनबद्दल त्याने सांगितलेलं सगळंच लोक फेकून द्यायला निघाले. १९४३ मध्ये त्याने रसेलसाठी बोल्डन कसा वाजवायचा ते शीळ घालून दाखवलं, त्याचं रेकॉर्डिंग आहे. आता ते ऐकताना ऐकणारा मनात शंका घेऊनच ऐकतो. पण सतरा-अठरा वर्षांच्या ट्रंपेटवेड्या पोराने जे कानात साठवलं असेल ते पस्तीस-चाळीस वर्षांनी सुद्धा बरंचसं खरं असू शकतं, आपल्यापैकी कोणी लहानपणी ऐकलेली एखादी तान आजही तशीच गुणगुणतोच की. त्याने खरं वय सांगितलं असतं तर या शिळेचं वजन आज जास्त असतं.

आणि एक शेवटचं रेकॉर्डिंग राहिलं, ज्याच्यामुळे मी त्याच्या बाजूला झुकतो. डिसेंबर १९४७ मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्याला पहिल्यांदा मनासारखा बँड मिळाला, वाचून वाजवणारे अनुभवी वादक: क्लॅरिनेटवर गार्विन बुशेल, ट्रॉम्बोनवर एड कफी, गिटारवर डॅनी बार्कर, बेसवर वेलमन ब्रॉड जो पूर्वी ड्यूक एलिंग्टनच्या नावाजलेल्या बँडमध्ये होता. गाणी त्याने निवडली. संगीतकार स्कॉट जॉप्लिनच्या जमान्यातले लिहिलेले रॅगटाइम, म्हणजे जॅझच्या आधीच्या उसळत्या लयीच्या संगीताचे, तुकडे आणि त्यांच्याच शेजारी साधी लोकप्रिय गाणी, ज्यावरून स्टायव्हेसंटमध्ये चाहत्यांनी नाकं मुरडली असती. बारा तुकडे आहेत. ट्रंपेट इथे इतका निवांत आहे की जणू कोणाला काही सिद्ध करून दाखवायचंच नाहीये, प्रत्येक वाक्य शेवटपर्यंत जातं, सूर स्वच्छ, आणि रॅगटाइमच्या अवघड वळणांवर तो असा हळूच वळतो की वाटतं हा माणूस आयुष्यभर हेच मागत होता. जुन्या पद्धतीचे कडवे चाहते म्हणतात की यात न्यू ऑर्लिन्सचा दणका नाही. खरंय, नाहीये. त्याला तो नकोच होता.

१९४८ च्या शेवटाकडे त्याला पक्षाघाताचा झटका आला आणि ट्रंपेट संपला. ७ जुलै १९४९ ला न्यू आयबेरियातच तो गेला, वय त्याच्या हिशोबाने एकोणसत्तर, कागदांच्या हिशोबाने साठीच्या आत-बाहेर. डिसेंबरच्या त्या बारा तुकड्यांची रेकॉर्ड कोलंबियाने काढली ती तो गेल्यानंतर.